पाणी न मारता

वायरमननं शिडी लावली, वर चढला, ड्रिलचं टोक छताला टेकवलं आणि ते सुरू न करताच खाली उतरला. उतरण्याआधी त्यानं टेस्टरच्या मुठीनं छतावर दोनदा ठोकून पाहिलं होतं आणि दाराआडचं बोलणं ऐकावं तसा कान दिला होता. "काका, हे काम मी नाही करणार," तो म्हणाला. पंख्याचा आकडा त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "का रे? उंच आहे म्हणून?" "उंचीचं काय घेऊन बसलात! हे तक्ते जुन्या जातीचे दिसतायत. अ‍ॅस्बेस्टॉसचे असतील. नसतीलही म्हणा. पण भोक पाडलं की भुगा आधी माझ्या नाकात जाणार. घरी दोन पोरं आहेत हो माझी." शिडी खांद्यावर टाकून, चहालाही न थांबता तो जिना उतरून गेला. अर्ध्या जिन्यात सून उभी होती, सातवा महिना, एक हात कठड्यावर आणि एक कमरेवर. "काय म्हणाला तो?" तिनं विचारलं. "काही नाही गं, ड्रिल बिघडलंय त्याचं," तिचा सासरा वरूनच म्हणाला. हे इतकं पटकन आणि इतकं सफाईदार तोंडातून गेलं, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. "बाबा, मी ऐकलं सगळं," ती म्हणाली, आणि पायऱ्या मोजत खाली गेली.

तो वरच थांबला. खोली रिकामी होती; पाळणा अजून यायचा होता, भिंतींना पिवळा रंग द्यायचा की हिरवा यावर मुलाचं आणि सुनेचं गेला आठवडाभर गोड भांडण चाललं होतं. चार वर्षं झाली होती त्याच्या थोरल्या भावाला, दादाला, जाऊन, तरी घरात या खोलीला कुणी बाळाची खोली म्हणत नव्हतं. दादांच्या खोलीत ठेव, दादांच्या खोलीतून आण, असंच चालायचं. त्यानं मान वर केली. छत गुळगुळीत होतं. कडेच्या पट्ट्या सोडल्या तर कुठे एक खडा नाही, एक उंचवटा नाही, ताणून बसवलेल्या चादरीसारखं सपाट. पाहुण्यांना तोच एकेकाळी वर आणून दाखवायचा, हात लावून बघा म्हणायचा. आणि दादा कोपऱ्यातल्या खाटेवर बसून म्हणायचा, "एवढं प्रेम सिनेमाच्या पडद्यावर केलं असतं, तर आमचं थिएटर बंद पडलं नसतं." पाहुणे हसायचे. दादा असा माणूस होता, की तो बोलला की लोक आधी हसायचे आणि काय बोलला ते मागाहून आठवायचे, किंवा नाहीच आठवायचे. त्याला आता ते आठवत होतं, आणि मान दुखायला लागली तरी खाली घेववत नव्हती.

दादा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. वीस-बावीस वर्षं एकाच थिएटरात मशीन चालवलं. थिएटर बंद पडलं आणि तिथे फर्निचरचं दुकान आलं तेव्हा सेहेचाळीसाव्या वर्षी एक ट्रंक आणि एक बॅटरी घेऊन धाकट्याच्या दारात येऊन उभा राहिला. लग्न केलं नव्हतं. "किती दिवस?" बायकोनं स्वयंपाकघरात विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, "बघू." ते बघू पुढे तेवीस वर्षं चाललं. पण पहिले दोन महिने घरात भांड्यांचा आवाज वाढला होता. बायको तोंडानं चकार शब्द काढायची नाही, पातेली बोलायची. दादा दिवसभर वर बसायचा, खिडकीशी उभा राहून दिवसाला तीन सिगारेटी ओढायचा, मोजून तीन, आणि जेवायला खाली आला की बोटभर वाढून घ्यायचा. ते बोटभर वाढून घेणं त्याला पातेल्यांपेक्षा जास्त लागायचं. मग त्याला एक युक्ती सुचली. वरच्या छताचा जुना रंग पापुद्र्यांनी सुटत होता. बसल्या माणसाला काम मिळेल, हिला दिसेल की माणूस राबतोय, भांडी शांत होतील. एका दगडात तीन पक्षी. दुकानातून येताना त्यानं पॉलिशपेपरचे दोन गठ्ठे आणले. "दादा, बसून काय करणार? छत घासून काढ, मग रंगवू." दादानं कागदावरून अंगठा फिरवला आणि वर पाहिलं. "छोट्या, पाणी मारून घासू का? धूळ फार उडेल." आणि तो म्हणाला होता, "नको, फळ्यांतून खाली गळेल. खाली हिचं कपाट आहे. कोरडंच घास."

या एका वाक्यापाशी आता तो पुन्हापुन्हा येऊन अडत होता. कारण दुसऱ्या कुणी ते वाक्य बोललं असतं तर ते अडाण्याचं बोलणं ठरलं असतं. तो अडाणी नव्हता. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत चाळीस वर्षं त्यानं भिंगं घासली होती, आणि पहिल्याच दिवशी उस्तादांनी त्याच्या हातावर फटका मारून सांगितलं होतं, "काच कोरडी घासायची नाही. आधी पाणी सोड, मग चाक लाव. कोरडी काच आज बोटाला लागते, उद्या छातीला." चाळीस वर्षांत त्यानं एक भिंग कोरडं घासलं नाही. नळाला पाणी नसलं तर तो बाटलीतून थेंब थेंब सोडायचा. गिऱ्हाईक काउंटरवर ओरडत असलं तरी. हाताखालच्या माणसांना तेच शिकवलं, तशाच फटक्यांसकट. बोटाएवढ्या काचेला पाणी, आणि अख्ख्या छताला कोरडा कागद. हिच्या कपाटासाठी. कपाटात काय होतं? हिवाळ्याची पांघरुणं होती. उचलून तीन आठवडे बैठकीत ठेवता आली असती.

तीन आठवडे दादानं छत घासलं. संध्याकाळी खाली यायचा तेव्हा भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पांढरं. नाकाला रुमाल बांधायचा तो, पण रुमाल घामानं खाली घसरायचा, गळ्याशी लोंबायचा. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता; तो टाळ्या पिटायचा, "काका म्हातारा झाला, काका म्हातारा झाला!" भांडी खरंच शांत झाली. चौथ्या दिवशी बायकोनं आपणहून दादाच्या ताटात वाढलं, दोनदा. युक्ती लागू पडली याचा त्याला त्या रात्री किती आनंद झाला होता, तेही त्याला आठवलं.

वायरमन येऊन गेल्याच्या पाचव्या दिवशी, मुलानं बोलावल्यावर, प्रयोगशाळेतून छताचा नमुना घ्यायला बाई आल्या. लहानखुऱ्या, चटपटीत, तोंडावर जाड मुखवटा, हातात मोजे आणि झाडांवर पाणी मारायचा असतो तसला फवारा. त्यांनी त्याला दाराबाहेर उभं केलं, जमिनीवर प्लास्टिक अंथरलं आणि शिडीवर चढून कोपऱ्यातल्या हातभर जागेवर पाणी मारलं. थांबल्या. पुन्हा मारलं. "इतकं कशाला?" त्यानं दारातून विचारलं. "पाणी मारल्याशिवाय याला हात लावायचा नाही, आजोबा. ओलं आहे तोवर हे गरीब गाय." त्यांनी नखाएवढा तुकडा कापून डबीत टाकला, डबी पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत. मग खिशातून कागद काढला. "बांधकाम किती जुनं? आधी कधी गळती? या छताला कुणी कधी घासलं, तोडलं, भोकं पाडली?" सून त्याच्या मागे उभी होती. तिचा श्वास त्याला मानेवर कळत होता. "नाही," तो म्हणाला. "आम्ही घर घेतलं तेव्हापासून असंच आहे." बाईंनी मोज्यातलं बोट छतावरून अलगद फिरवलं. "असं? बरंच गुळगुळीत आहे हो." त्यांनी कागदावर फुली मारली. त्याला वाटलं, ती फुली आपण ओळखतो. शाळेतला मास्तर चुकलेल्या गणितावर मारतो ती नव्हे. हा प्रश्न मिटला, पुढे चला, अशी.

अहवालाला आठ दिवस लागणार होते. मुलानं वरची खोली बंद केली, दाराच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. घरातली माणसं एकमेकांशी हळू बोलू लागली, जणू वर कुणी आजारी निजलंय. दुपारी मुलगा आणि सून कामावर गेले की तो आणि बायको स्वयंपाकघरात समोरासमोर बसायची, भाजी निवडायची आणि भाजीकडेच बघायची. तिसऱ्या दुपारी बायको म्हणाली, "त्या बाईला नाही का म्हणालात?" "काय?" "उगाच वेड पांघरू नका. भाऊजींनी घासलं होतं." "तुझी भांडी आपटणं थांबावं म्हणून घासायला लावलं मी." "वा! म्हणजे माझ्यामुळे? मी म्हटलं होतं कोरडं घास म्हणून?" "कपाट तुझं होतं." "कपाट माझं, भांडी माझी, मग तोंड कुणाचं होतं?" ती उठली, पातेलं उचललं, आणि आपटायच्या बेतात असताना तिनं ते जपून, अगदी आवाज न करता ओट्यावर ठेवलं. तिच्या पाठीकडे पाहताना त्याला कळलं, की तीही तेवीस वर्षांपैकी कुठल्या तरी संध्याकाळपाशी उभी आहे, आणि दोघांनी मिळून उचलावं इतकं हे ओझं हलकं नाही. ज्याचं त्यानंच वाहायचं. किंवा दुसऱ्यावर ढकलायचं; लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर दोन्ही सारखंच जमतं.

दादाचं आजारपण चार महिन्यांचं. आधी धाप, मग बरगडीत कळ, मग फुफ्फुसाच्या आवरणात पाणी. घरात सगळ्यांना कारण ठाऊकच होतं. बायकोनं सिगारेटची पाकिटं फेकून दिली होती, मुलगा मोठा होऊन काकाला आकडेवारी वाचून दाखवायचा, आणि तो स्वतः, तो तर वीस वर्षं सांगत आला होता. हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता, नखं कुरतडायची सवय असलेला. त्यानं दादाला विचारलं, "काय काम करायचात तुम्ही?" दादाला बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून तोच म्हणाला, "सिनेमाचं मशीन चालवायचा." "धुळीचं काम कधी? कारखाना, खाण, बांधकाम?" "छे हो! जन्मभर अंधारात बसून दुसऱ्यांना सिनेमे दाखवले. आणि सिगारेटी ओढल्या." डॉक्टरनं लिहून घेतलं. दादानं धाकट्याकडे पाहिलं होतं. तेव्हा त्याला वाटलं, शरमेनं बघतोय. दादा नंतर हसायला गेला आणि खोकल्यात अडकला.

आणि मग ती संध्याकाळ. घरी आणलेल्या दादाला उशांना टेकवून बसवलं होतं, याच खोलीत, याच छताखाली. "छोट्या, जरा बस. बोलायचंय." तो दारातच उभा राहिला. "सिगारेट मागणार असशील तर आधीच सांगतो, मिळणार नाही." दादा त्याच्याकडे बघत राहिला, मग छताकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. "बरं," तो म्हणाला. "मग एक सिगारेटच दे." "त्यानंच तर ही वेळ आणली ना तुझ्यावर? अजून अक्कल येत नाही?" असं तो मरणाऱ्या माणसाला, मोठ्या भावाला, म्हणाला होता, आणि कर्तव्य केल्याच्या तोऱ्यात जिना उतरला होता. बारा दिवसांनी दादा गेला. दहाव्याबाराव्या दिवसापर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यानं सांगितलं, सिगारेटनं नेला. दोघातिघांनी म्हणे सिगारेट सोडलीसुद्धा.

सहाव्या दुपारी बायको डुलकी घेत असताना त्यानं कपाटाच्या वरच्या कप्प्यातून दादाची हॉस्पिटलची फाइल काढली. कशासाठी, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. बहुधा कुठेतरी सिगारेट हा शब्द पुन्हा छापील अक्षरात वाचायला मिळावा म्हणून. तो मिळालाही, पहिल्याच पानावर. त्यानं पाठ ताठ करून नीट बसून घेतलं, जरा बरं वाटलं. मग पान उलटलं. पुढच्या आठवड्याची तारीख, त्याच डॉक्टरचं तिरकं अक्षर. रुग्ण आज एकटा असताना बोलला. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी राहत्या घरी छताचे तक्ते तीन आठवडे कोरडे घासले. तक्त्यांचा प्रकार माहीत नाही. अ‍ॅस्बेस्टॉसची शक्यता, या आजाराशी मेळ बसतो, धूम्रपानाशी नाही. घरातल्यांना कळवून तक्ते तपासून घेण्यास सांगितले. रुग्ण म्हणतो, मी सांगेन.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तीच होती. मी सांगेन. चार वर्षं ही फाइल त्याच्याच कपाटात, त्याच्याच विजेच्या जुन्या बिलांखाली पडून होती; ती कुणी उघडली नाही, कारण त्या घरात सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं. म्हणजे दादाला कळलं होतं. त्या संध्याकाळी त्याला सिगारेट नको होती. आणि ती मागून त्यानं धाकट्याला सोडवलं होतं, की त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं? दया होती का ती? की म्हणत होता, राहा मग तुम्हीही याच छताखाली? दादाचा चेहरा तो आठवू लागला. पण चेहरा कुठला आठवणार, त्यानं त्या संध्याकाळी दादाकडे नीट पाहिलंच नव्हतं. आठवत होता तो फक्त आपलाच आवाज, ठणठणीत आणि बरोबर. उरलेले बारा दिवस होते की. एक चिठ्ठी लिहिता आली असती, मुलाला सांगता आलं असतं. दादानं नाही सांगितलं. यावर त्याला एकदम राग आला, मेलेल्या माणसाचा, आणि तो राग इतका ओळखीचा, इतका उबदार होता, की त्यानं फाइल घाईनं मिटली. पुन्हा दादाचीच चूक काढायला बसला होता तो.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी अहवाल मुलाच्या फोनवर आला. मुलगा उभ्यानंच वाचत होता. "आहे," तो म्हणाला. सुनेनं कप खाली ठेवला. "थांबा, घाबरू नका. इथे लिहिलंय, तक्ते अखंड असतील, कुणी हात लावला नसेल, तर आजवर फारसा धोका झालेला नसतो. माणसं येऊन नीट काढून नेतात. घासलेले, फोडलेले असतील तरच..." "पण ते घासलेलं नाहीये ना," सून म्हणाली. "बाबांनी सांगितलं की त्या बाईंना." सगळ्यांचे खांदे एकदम सैल झाले. मुलगा हसलासुद्धा. बायको आपल्या कपात बघत होती. ती काही बोलणार नव्हती, हे त्याला पक्कं कळलं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. तक्ते निघाले असते, हिरवा रंग लागला असता, पाळणा आला असता. तो गप्प बसायलाच तोंड मिटून होता, आणि त्याच तोंडातून शब्द बाहेर आले. "घासलंय."

मग त्यानं सांगितलं. तीन आठवडे, पॉलिशपेपर, पाणी, कपाट. फाइलमधलं पान सांगितलं. सांगताना त्याला वाटलं होतं, काहीतरी मोकळं होईल. लोक म्हणतात तसं. काही मोकळं झालं नाही. मुलगा खुर्चीवर बसला. बराच वेळ टेबलावर बोट फिरवत राहिला. "मला आठवतंय ते," तो म्हणाला. "शाळेतून आलो की मी वर जायचो. जमिनीवर पांढरं पसरलेलं असायचं, पिठासारखं. मी त्यात बोटानं मोटारी काढायचो." त्याचं बोट टेबलावरच थांबलं. "एकदा तुम्ही वर आलात. मला वाटलं, रागावणार. तुम्ही म्हणालात, छान काढलीस, आता फुंकून टाक आणि दुसरी काढ."

हे त्याला आठवत नव्हतं. त्यानं खूप आठवून पाहिलं. आपण रागावलो नव्हतो, मुलाचं कौतुक केलं होतं, इतकंच त्यातून हाताला लागलं.

सून दुपारच्या आत आईकडे गेली. भांडली नाही, रडली नाही. उंबऱ्यापाशी त्याला वाकून नमस्कार करायचा तिचा परिपाठ होता, पण पोटामुळे आता वाकता येत नाही हे कारण तिच्याकडे होतं. मुलगा बॅगा गाडीत ठेवून परत आत आला, किल्ली घ्यायला. "मी येतो तुझ्याबरोबर छाती तपासायला," तो मुलाला म्हणाला. "माझ्या ओळखीचे एक मोठे डॉक्टर..." "नको," मुलगा म्हणाला. "मी एकटा जाईन, बाबा." बाबा हा शब्द त्यानं नेहमीसारखाच उच्चारला, त्यात काही कमी नव्हतं, आणि तेच ऐकवत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात माणसं आली, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. दोन दिवस वर पाण्याचा फसफस आवाज येत होता. तक्ते ओले करून, गुंडाळून, चिकटपट्ट्यांनी बांधून त्यांनी जिन्यावरून खाली आणले, एखादं प्रेत आणावं तसे, चौघांनी मिळून, वळणावर एकमेकांना सांभाळ म्हणत. खाली फळ्यांतून थोडं पाणी गळलं. बायकोनं कपाटाखाली फडकं टाकलं, संध्याकाळी पिळलं, दोरीवर वाळत घातलं. तेवढंच.

मुलाचा फोन आला तो आईला. बायको कान देऊन ऐकत होती, हं हं म्हणत होती, आणि तो समोर बसून तिच्या हं वरून अंदाज बांधत होता. तिनं फोन ठेवला, पदरानं डोळे पुसले. "काही नाही निघालं. छाती स्वच्छ आहे म्हणाले. शक्यताही फार नाही म्हणाले." "मग रडतेस कशाला?" "दरवर्षी दाखवायचं म्हणाले. हे लगेच नाही म्हणे कळत. निघालंच तर कधी तीस वर्षांनी, कधी चाळीस, कधी पन्नास."

ती उठून सुनेच्या आईला फोन लावायला आत गेली. तो खुर्चीतच बसून राहिला. तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता. सात आणि तीस, सदतीस. म्हणजे अजून तीन वर्षं. सात आणि चाळीस, सत्तेचाळीस. सात आणि पन्नास, सत्तावन्न. आपण आता सदुसष्ट. त्यानं बोटांवर पुन्हा मोजलं, दोन्ही हातांची बोटं लावून, भिंगाचा नंबर तपासावा तसं सावकाश. हिशेब पुन्हापुन्हा तोच येत होता. तीन वर्षं निभावली, की पुढचं कळायला बहुतेक आपण इथे नसू. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या छातीतून मोठा, मोकळा, समाधानाचा श्वास बाहेर पडला. तो त्यानं स्वतःच ऐकला. आतल्या खोलीत बायको फोनवर म्हणत होती, "हो हो, सगळं ठीक आहे, हेही आता शांत बसलेत."